मेव्हणीची वरात आणि ताठ चासी

आमच्या घराण्यात स्पोर्ट्स कार घेणारा मी पहिला, आणि घराण्याने एकमताने ठरवल्याप्रमाणे शेवटचा.

दोन हजार सालानंतरच्या दोनचार वर्षांतली गोष्ट. वसईच्या आमच्या बिल्डिंगखाली ती उभी असायची. लाल, दोन दारांची, बिनछपराची. छप्पर मुळात होतं, आधीच्या मालकाने हौसेनं कापून काढलं होतं. छपराबरोबर गाडीचा ताठपणाही गेला, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण मी रंग बघत होतो. एक चाक खड्ड्यात गेलं की गाडी अंग पिळायची आणि डावं दार आपोआप उघडायचं. त्या दाराशी माझी बायको वंदना बसायची.

"सोडायचंय तर तोंडानं सांगा," ती एकदा शांतपणे म्हणाली. "असं वळणावर काय टाकता?"

अशात तिच्या माहेरी, वसईतल्याच होळी नावाच्या भागात, धाकट्या बहिणीचं म्हणजे सुजाताचं लग्न ठरलं. नवरदेव भुईगावचा, मांडवही तिकडेच. नवरी माझ्या गाडीतून जाईल, अशी घोषणा मी सासुरवाडीत जेवताना केली. सासूबाईंनी फक्त दाराची चौकशी केली. मी त्यांना चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, कशी ताठ करतात, खालून आडव्यातिडव्या लोखंडी पट्ट्या कशा मारतात, यावर भात निवेपर्यंत व्याख्यान दिलं. (एक इंग्रजी मासिक चाळलं होतं मी. चित्रं तर सगळी पाहिली होती.)

मेव्हणा प्रकाश याचा सातिवलीला खिडक्यांच्या ग्रिल बनवायचा गाळा होता. तिथे आम्ही पुढे आणि मागे जॅक लावून गाडी उचलली. मधे टेकू देऊ का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, कशाला, मधे काही नाहीच. बिनछपराची गाडी दोन टोकांवर ठेवली की मधे झोल घेते, हे मासिकात असणार, पण त्याचं चित्र नव्हतं. प्रकाशने त्या झोलासकट खालून जाड लोखंडी अँगल वेल्ड केले, चोर शिरणार नाही अशा बेताने. खाली उतरवली तेव्हा गाडी दगडासारखी घट्ट झाली होती. दारंही. दोन्ही चौकटीत आवळून बसली, उघडेनात.

"आता ताई पडायची नाही, भावोजी," प्रकाश म्हणाला.

लग्न दुसऱ्या दिवशी होतं आणि गाडी फुलांनी सजवायची ठरली होती. सकाळी सुजाताला शालूसकट स्टुलावर चढवून वरून आत सोडलं, टेम्पोत गणपती ठेवतात तसं. सासरे बराच वेळ बघत होते.

"जावई, पोरगी चढली खरी," ते म्हणाले. "उतरनार कशी?"

मांडवात बघू, असं मी सांगितलं.

मांडव दिसायला लागला आणि भुईगावच्या अरुंद गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर गाडी पोट टेकून बसली. नवे अँगल वीतभर खाली लोंबत होते, हे स्पीडब्रेकरच्या आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मागची चाकं जागच्या जागी फिरत होती. दोन्हीकडे वाड्यांची कुंपणं, मागे वऱ्हाडाचा टेम्पो, त्यामागे बँडवाले. स्टूल होळीच्या घरीच राहिलं होतं. मी बाजूवरून उडी मारली आणि गाडीखाली शिरलो, कारण वर थांबलो असतो तर सासऱ्यांकडे बघावं लागलं असतं.

मुहूर्त टळेल म्हणून शेवटी नवऱ्या मुलाचे काका-मामा मांडवातून धावत आले. मला ओढून बाहेर काढलं आणि चारी कोपऱ्यांना हात घालून त्यांनी नवरीसकट गाडी उचलली, पलीकडे ठेवली, मग ढकलत मांडवाच्या दारात नेली. उचलताना चासी केसभरही वाकली नाही. हे मी दोघांतिघांना सांगून पाहिलं, पण कुणी कौतुक केलं नाही.

"भावोजी, आता मुळीच हलत नाही हो," सुजाता तेवढी वरून म्हणाली.

मांडवातली खुर्ची लावून नवरीला वरूनच उतरवलं आणि लग्न वेळेवर लागलं. अल्बममध्ये माझा एकच फोटो आहे. त्यात गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय दिसतात. सासूबाई अजूनही आल्यागेल्याला तो उघडून दाखवतात आणि म्हणतात, "हे आमचे थोरले जावई."