‘बघतो’ म्हणणारा कॅप्टन

परदेशात, जुरोंग आयलंडवरच्या आमच्या कारखान्यात एका रिकाम्या टाकीत वेल्डिंग करायचं होतं. आत गॅस उरलाय का ते तपासणारं यंत्र नेमकं बिघडलेलं. मॅनेजर म्हणाला, तपासणी राहू दे, उद्या सकाळी काम सुरू करायच्या परमिटवर सही करून टाक. पुणेकर तोंडावर नाही म्हणतात अशी ख्याती आहे. मी त्या ख्यातीला लागलेला डाग. मी म्हटलं, बघतो. आमच्या घरी याचा अर्थ ‘विसरा’ असा होतो. पण इंग्रजीत त्याचं ‘आय विल सी’ झालं, आणि मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारून आठ वाजता वेल्डर बोलावले.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये शेजारी आमचे वेल्डिंग इन्स्पेक्टर होते. साठीकडे झुकलेले, पूर्व युरोपातले. त्यांच्या देशातली कम्युनिस्ट राजवट कोसळली तेव्हा ते तिथल्या सैन्यात सक्तीने भरती झालेले शिपाई होते. मी हसत हसत माझी फजिती सांगितली. ते हसले नाहीत, त्यांनी तेव्हाची एक गोष्ट सांगितली.

त्यांची तुकडी स्टेशनबाहेर उभी होती आणि समोर मोर्चा. फोनवरून गोळीबाराचा हुकूम आला. कॅप्टनला तो पाळायचा नव्हता, पण सरकार टिकतंय की पडतंय कुणाला ठाऊक? म्हणून नाही न म्हणता तो म्हणाला, बघतो. बंदुका खालीच राहिल्या. आठवड्याभरात सरकार गेलं आणि सैन्य जनतेच्या बाजूने उभं राहिलं म्हणून लोकांनी त्यांना फुलं दिली.

“पण वरच्यांनी तो होकारच धरला,” ते म्हणाले. “पुलावरच्या तुकडीला सांगितलं, स्टेशनवाले गोळ्या घालताहेत, तुम्हीही घाला. त्यांनी घातल्या. आमचा कॅप्टन एकदा स्पष्ट नाही म्हणाला असता, तर कदाचित तेही थांबले असते.”

मला स्वतःची लाज वाटली. टाकीत चार वेल्डर उतरणार होते, मी नाही. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, मात्र मॅनेजरच्या मर्जीवर होता, आणि मुलीची शाळा, पासिर रिसचा भाड्याचा फ्लॅट, सगळं त्या पासवर.

सकाळी आठच्या आधीच त्याच्या केबिनमध्ये गेलो. नाही, तपासणीशिवाय सही करणार नाही, असं म्हणताना आवाज जरा जास्तच चढला. तो शांतपणे म्हणाला, सही करणारे दुसरे मिळतील. मिळतीलही. म्हणून वाद घालत न बसता मी थेट टाकीपाशी गेलो. वेल्डर उतरायच्या तयारीत होते.

“आत गॅस आहे की नाही, मला माहीत नाही,” मी त्यांना सांगितलं. “मी नाही म्हटलंय. आता तुम्हीही म्हणा.”