भरणीतला मोतिया दोरा

दोऱ्याच्या गुंड्यांवरच्या कागदी पट्ट्या मी काढल्या. दुकानात माझ्याशिवाय कोणी नसतं, त्यामुळे दुसऱ्यावर ढकलायला जागाच नव्हती. तरी मी ढकललं. एका बाईच्या हातावर ढकललं, तेही तिच्या गिऱ्हाइकासमोर.

आमचं दुकान रत्नागिरीच्या बाजारात आहे. बटणं, हुक, इलॅस्टिक, साडीचे फॉल, अस्तराचं कापड असला माल. लोकर एका कोपऱ्यात असायची, कारण इथे थंडी कुठली? बाळाचं टोपडं आणि पायमोजे विणण्यापुरती ती खपायची. मग मोबाइलवरून क्रोशाचं वेड आलं. कॉलेजच्या मुली फोन पुढे धरून विचारू लागल्या, काका, मिल्क कॉटन आहे का, शेनिल आहे का, वेल्वेटचा दोरा आहे का. रोज नाही नाही म्हणून मी वैतागलो आणि मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून सगळा नवा माल भरला. रबरी मुठीच्या क्रोशाच्या सुया, टाक्यात अडकवायच्या रंगीत पिना, गुंडा ठेवायचे खाच पाडलेले लाकडी वाडगे, ओळी मोजायचं बोटात घालायचं छोटं यंत्र.

या मालाने मला जेवढा ताप दिला तेवढा बटणांनी जन्मात दिला नाही. मुली येत, दोरा गालाला लावून बघत, फोटो काढत आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवत. सुया त्या मिलिमीटरमध्ये मागायच्या आणि जुन्या बायका नंबरात. दोघींच्या मधे मी तक्ता घेऊन उभा, आणि तक्ता बघूनही चुकीची सुई द्यायचो. लाकडी वाडगा बघून एका काकूंनी विचारलं, लसूण ठेवायला बरा आहे, पण झाकण कुठे? ओळी मोजायची यंत्रं तेवढी संपली, तीही नामजप करणाऱ्या म्हाताऱ्यांनी नेली. त्यांतले एक आजोबा यंत्र परत घेऊन आले. बटण मधेच दोनदा दाबलं जातं, म्हणाले, देवाकडे जप जास्तीचा लागतो, बरं दिसत नाही.

त्यात दमट हवा. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीला हात लावला तरी ओला होतो. नव्या गुंड्यांच्या कागदी पट्ट्यांवर बुरशीचे काळे ठिपके धरले आणि फिक्या रंगाच्या दोऱ्यावर ते उमटायला लागले. एका दुपारी माझं डोकं फिरलं. सगळ्या पट्ट्या कात्रीने कापल्या, कचऱ्यात टाकल्या, आणि गुंडे रंगाप्रमाणे काचेच्या मोठ्या भरण्यांत भरले. भरण्या दिसायला फार छान दिसल्या. मुलींनी त्यांचेही फोटो काढले.

त्या पट्टीवर रंगाच्या घाण्याचा नंबर असतो. घाणा म्हणजे एका वेळी एका भांड्यात रंगवलेला माल. पुढच्या वेळी तोच रंग रंगवला तरी थोडा फरक पडतोच, म्हणून मोठ्या कामाला एकाच नंबरचा दोरा घ्यायचा असतो. व्यापाऱ्याचा माणूस माल देताना मला हे बजावून गेला होता. मी मान डोलावली होती. म्हणजे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. कात्री हातात असताना मला वाटलं, मोतिया तो मोतिया, कोणाला कळतंय?

आमच्या दुकानात एक जुनी रीत आहे. मोठं विणकाम काढलेली बाई लागेल तसा दोरा नेते आणि उरलेला तिच्या नावाने पिशवीत बांधून माळ्यावर ठेवायचा. तो दुसऱ्याला विकायचा नाही, त्याला हात लावायचा नाही. अशी एक पिशवी राजिवड्याच्या भाभींची होती. त्यांचा नवरा आखातात बोटीवर असतो. त्या घरी क्रोशाचं काम घेतात आणि इतकं नेटकं करतात की चुकलेला टाका शोधून सापडत नाही. त्यांना माळनाक्याच्या एका घरून पलंगपोसाचं काम मिळालं होतं, लग्नाच्या रुखवतात मांडायला. हल्ली घरच्या मुली रुखवत करत नाहीत, करून घेतात. हा पलंगपोस नावाजला गेला तर लग्नाला आलेल्या बायकांकडून भाभींना पुढची कामं मिळणार होती. अर्धा दोरा नेताना त्या हे सांगून गेल्या होत्या, उरलेला नीट ठेवा भाऊ, असंही म्हणाल्या होत्या.

ती पिशवीही मी त्या दुपारी सोडली. तिच्यातल्या पट्ट्याही कापल्या आणि गुंडे मोतियाच्या भरणीत टाकले. भरणीत दुसऱ्या घाण्याचा मोतिया आधीच होता.

भाभी उरलेला दोरा न्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, पिशवी कुठाय? मी भरणीतून गुंडे काढून दिले. आता नवीन पद्धत, म्हटलं, सगळा एकच माल आहे. त्यांनी ट्यूबलाइटखाली गुंडे उलटसुलट करून पाहिले. ट्यूबलाइटखाली ते सारखेच दिसले. माझ्या शब्दावर त्या घेऊन गेल्या.

पलंगपोस मधून बाहेर गोल वाढवत न्यायचा होता. पुढे एका सकाळी भाभी तो घेऊन दुकानात आल्या. त्यांच्याबरोबर नवरीची आत्या होती, निवृत्त शिक्षिका, अख्खी रत्नागिरी जिला बाई म्हणून ओळखते. भाभींनी पलंगपोस दाराशी उजेडात, चिऱ्याच्या पायरीवर धरला. मधला भाग दुधासारखा आणि बाहेरची कड पिवळट. भरतीचं पाणी वाळूत जिथवर येऊन गेलं असेल तिथे जशी रेघ राहते, तशी त्या दोन रंगांमधली रेघ दिसत होती. बघताक्षणी मला कळलं.

भाभींना माझ्याकडून एवढंच हवं होतं की दोरा दोन तऱ्हेचा होता हे मी बाईंना सांगावं. भांडायला त्या आल्याच नव्हत्या. बाई म्हणाल्या, "काय हो, दोरा तुमच्याकडचाच ना? मग हा असा कसा?"

दुकानात तेव्हा दोन मुली भरण्यांपुढे उभ्या होत्या. माळ्यावर न खपलेला नवा माल होता. या बाईंच्या तोंडून माझ्या दोऱ्याबद्दल गावभर काय जाईल, ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी म्हणालो, "आमचा माल एकच असतो बाई. विणताना घरात कसं ठेवतात त्यावर असतं. मासळी तळायचा धूर लागला की फिका दोरा पिवळा पडतो."

 भाभींनी पलंगपोसाची कड माझ्यापुढे धरली. "भाऊ, मी दुपारी जोहरच्या नमाजानंतर बसते, धुतलेली ओढणी मांडीवर घालून. धूर लागला तर वास नको का यायला? घ्या, वास घेऊन बगा."

मी वास घेतला नाही. बाईंनी घेतला. वास कसला येणार, पण दुकानदारच सांगतोय म्हटल्यावर त्यांनी तरी काय करायचं? असलं रुखवतात मांडता येणार नाही, म्हणाल्या आणि निघून गेल्या. भाभींनी पलंगपोसाची घडी घातली. घडी घालताना त्यांची बोटं सवयीने कड सरळ करत होती. त्याही गेल्या. त्या मुलींपैकी एक दुसरीला हळूच म्हणाली की हिच्याकडूनच आपण टॉप करून घेणार होतो ना. दुसरी म्हणाली, आता बघू.

मी हे बायकोला सांगितलं. सांगताना तिने माझी बाजू घ्यावी अशी माझी इच्छा होती, म्हणून हवेला, व्यापाऱ्याला, बुरशीला शिव्या घालत सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपल्या घरात काय नुसता धुपाचा धूर असतो? काल बांगडे तळायला लावले ते कोणी?" थोड्या वेळाने म्हणाली, "आणि त्या पट्ट्या काढल्याचं तुम्हीच मला हौसेने दाखवलं होतंत. भरण्या बघ किती छान दिसतात, म्हणालात."

मला माझाच राग आला होता, पण तो मी वस्तूंवर काढत राहिलो. व्यापाऱ्याला फोन केला, पहिल्या घाण्याचा मोतिया पाठवा. तो म्हणाला नंबर सांगा. नंबर कचऱ्यात गेला होता. भरणी पायरीवर उपडी करून उन्हात एकेक गुंडा वेगळा करत बसलो. पाच-दहा मिनिटांनी सगळेच पांढरे दिसायला लागले, पुढच्या पाच मिनिटांनी सगळेच पिवळे. एक पिवळट गुंडा पांढरा व्हावा म्हणून निळीच्या पाण्यात बुडवून पाहिला, तो पोतेऱ्यासारखा झाला. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं विचारायची, काय शेट, लोकर वाळवताय? एकाने पापड आणून ठेवू का म्हणून विचारलं. शेवटी पहिल्या रंगाचे वाटणारे थोडे गुंडे निघाले. कडेला ते पुरणार नव्हते, हे मलाही दिसत होतं.

तेच पिशवीत घेऊन मी राजिवड्याला गेलो. जाताना वाटेत बोलणं जुळवत होतो आणि प्रत्येक वेळी त्यात व्यापाऱ्याचा दोष, हवेचा दोष कुठून तरी शिरत होता. भाभी ओट्यावर बसून पलंगपोसाची कड उसवत होत्या. उसवलेला दोरा कुरळा होऊन त्यांच्या पायाशी पडला होता. एवढे दिवस विणलेलं त्या सरसर ओढत होत्या. बसा म्हणाल्या, आत चहा टाकायला सांगितला. माझ्यावर रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी सांगितलं, पिशवी मी सोडली, पट्ट्या मी काढल्या. गुंडे पुढे केले. त्यांनी ते उजेडात धरून पाहिले आणि त्यातले दोन बाजूला काढून मला परत दिले. ते दुसऱ्या घाण्याचे होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं.

"माझ्याकडे मागून काय व्हायचा? माझा काम कसा हाय ते मला माहीत हाय. तुम्ही सांगितलंत ते बाईंना. आता पण त्यांनाच सांगा."

मी म्हटलं, फोन करतो. भाभी म्हणाल्या, फोनवर नाय. तोंडावर बोललात ना?

दुसऱ्या दिवशी आम्ही माळनाक्याला गेलो. पुढच्या पडवीत बायका रुखवताच्या वस्तूंना सोनेरी लेस चिकटवत बसल्या होत्या. लेस माझ्याच दुकानातली होती. बाईंनी चष्मा वर करून आधी माझ्याकडे, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या भाभींकडे पाहिलं. मी सुरुवात केली की व्यापाऱ्याकडून यंदा माल जरा असा आला.  लेस चिकटवणारे हात थांबले होते आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला पुढे ते वाक्य रेटता येईना. मी थांबलो आणि परत सुरू केलं.

"बाई, माल चांगला होता. दोन वेगळ्या घाण्यांचे गुंडे मी एकत्र केले. यांची बांधून ठेवलेली पिशवी मी सोडली आणि यांना सांगितलं की सगळं एकच आहे. त्या दिवशी तुमच्यासमोर धुराचं बोललो ते खोटं होतं. ते खोटं आहे हे बोलतानाच मला माहीत होतं. यांच्या हातात काही चूक नाही." मग मागे वळलो. वळल्याशिवाय ते पुरं होणार नव्हतं. "भाभी, तुमच्या कामाला मी चारचौघांत नाव ठेवलं. दुकान वाचवायला ठेवलं. मला माफ करा."