मॉडेल बरोबर होतं

लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने आम्ही कपड्यांच्या कपाटात बल्ब पेटता ठेवतो, नाहीतर लग्नातल्या कोटाला बुरशी येते. मीठ झाकून, काडेपेटी डब्यात. घरी हे सगळं मी नेमानं करायचो, आणि प्रयोगशाळेत आयनिक द्रवाच्या बाटलीचं बूच सैल ठेवायचो, कारण ते चिकटून बसायचं आणि माझं मनगट दुखायचं.

आयनिक द्रव म्हणजे खोलीच्या तापमानालाही वितळलेलंच राहणारं मीठ. काकवीसारखं दाट. मी तो दाटपणा उपकरणानं मोजायचो. परंदवडीची एक मुलगी माझ्याकडे पीएचडी करत होती. ती त्याच द्रवाचं मॉडेल संगणकात चालवून दाटपणा काढायची. तिचा आकडा माझ्या दुप्पट आला.

"सर, एकदा पुन्हा मोजाल का?"

"तीस वर्षं मोजतोय मी. मॉडेल चुकतंय तुझं."

बिचारीनं मॉडेलमधल्या आयनांवरचा विद्युतभार थोडा थोडा कमी केला. भार कमी झाला की आयनांची एकमेकांना ओढ कमी, आणि ओढ कमी झाली की द्रव पातळ. आकडे जुळेपर्यंत तिचं वर्ष गेलं. शोधनिबंध छापून आला तेव्हा पेढे मी वाटले.

निवृत्तीच्या आधी कपाट आवरत होतो. झाडलोट करणाऱ्या मावशींनी ती बाटली उचलली.

"भाऊ, ह्ये काय हाय?"

"मीठच आहे, मावशी. पातळ."

"आन् झाकाण असं? आवो, हितं मीठ उघडं ठेवतंय व्हय कुणी? लय शिकल्याला मानूस तुमी!"

मी तोच द्रव निर्वात भट्टीत दोन दिवस सुकवला, हवेतून त्यात शिरून त्याला पातळ करणारं पाणी काढून टाकलं आणि मोजला. मुलीचा पहिला आकडा जवळजवळ तंतोतंत आला. वर्षभर ती आपलं चांगलं मॉडेल माझ्या ओल्या मिठाला जुळवत बसली होती.

कुणाला काही न सांगता मी निवृत्त झालो. मग परवा कळलं, ती आता प्राध्यापक आहे आणि विद्यार्थ्यांना तोच कमी केलेला भार वापरायला सांगते, 'सरांच्या मापाशी जुळतो' म्हणून. मी फोन करून सगळं सांगितलं.

"लेखी द्या, सर. नियतकालिकाला."

मी मसुदा लिहून आधी तिला पाठवला, 'दमट हवेमुळे नमुन्यात पाणी शिरले.' तिचं उत्तर आलं, "बूच हवेनं उघडलं का?"

पुन्हा लिहिलं, 'बूच अनवधानाने सैल राहिले.'

"रोज?"

तिसऱ्यांदा लिहिलं, 'बूच मी सैल ठेवत असे. विद्यार्थिनीने पुन्हा मोजायला सांगितले होते, मी मोजले नाही. तिचे पहिले मॉडेल बरोबर होते.'

त्यावर फोनच आला. "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे, तेही घाला."

मी 'नऊ वर्षे' असं घातलं आणि तिला वाचून दाखवलं.

"हं. आता पाठवा," ती म्हणाली.