अण्णांचं पुस्तक, माझी ट्रंक

अख्ख्या हुबळीत स्वतःच्या मनावर इतका अविश्वास असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. केशवापुरात आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहणारे अण्णा सिटी बसच्या वेळेवरही विश्वास ठेवत. स्वतःवर मात्र नाही. त्याला कारणंही होती. पगार झाला की ते दुर्गदबैलाच्या बाजारात जायचे आणि माल न बघता विकणाऱ्याचा चेहरा बघून खरेदी करायचे. एकदा दोन डझन स्टीलचे पेले घेऊन आले. घरात पाणी पिणारं तोंड एकच. "म्हाताऱ्याचा घसा बसला होता रे तम्मा, त्याला ओरडवत नव्हतं," एवढाच खुलासा.

शेवटी त्यांनी स्वतःचा बंदोबस्त केला. पगारातली ठरावीक रक्कम हातात पडण्याआधीच कापून पोस्टातल्या खात्यात जावी, असा ऑफिसात अर्ज दिला आणि खात्याचं पुस्तक माझ्या ट्रंकेत ठेवलं. मी कुलूप लावत असताना बजावलं, "मागितलं तरी देऊ नको. रडलो तर मुळीच देऊ नको." ही पद्धत त्यांना इतकी मानवली की ती घरभर पसरली. बारा महिन्यांची बारा कार्डं ते जानेवारीतच लिहून ठेवत: 'मी मजेत आहे.' दर एक तारखेला एक टपालपेटीत पडे. त्या त्या दिवशी लिहायला बसलं तर मनातलं काहीबाही लिहिलं जाईल, ही भीती.

कार्डं जायची अळनावरला, अक्काकडे. ही त्यांची थोरली, विधवा बहीण दिरांच्या घरी राबत दिवस काढत होती. नवनगरात दोन खोल्यांचं घर घ्यायचं, त्यातली एक अक्काची, म्हणून हा सगळा खटाटोप.

आमच्याकडे पंचमीला बहिणी माहेरी येतात, झोके बांधतात. एका पंचमीच्या तोंडावर अण्णा माझ्या दारात उभे राहिले. "तम्मा, पुस्तक दे की. अक्काला इरकल लुगडं घेतो, तिला घेऊन येतो. खोलीत फार एकटं वाटतंय बघ." डोळे भरलेले. मी ठरल्याप्रमाणे नाही म्हणालो. ते माझी पाठ थोपटून म्हणाले, "शाब्बास." मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला होता. त्यानंतर दर पंचमीला ते म्हणत, "घर झाल्यावरच आणू."

दहा वर्षांनी घर झालं. आम्ही दोघं अक्काला आणायला गेलो. ती चुलीपाशी बसली होती, मांडीवर दिराचा नातू. "आता कुठं रे येऊ? हा माझ्याशिवाय झोपत नाही," ती म्हणाली. मग अण्णांच्या तोंडावरून हात फिरवला. "तवा नुसतं ये म्हणाला असतास, तर त्या एका खोलीतसुद्धा आले असते की. तूच दर महिन्याला मजेत आहे म्हणून लिहायचास."

आम्ही दोघंच परतलो.

आता ते नवनगरात राहतात. पंचमीला दुसऱ्या खोलीत झोका बांधतात आणि मला पेल्यात चहा देतात. तेवीस पेले फळीवर तसेच. पगारातली कपात चालूच आहे, नवं पुस्तकही माझ्याच ट्रंकेत आहे. ते केव्हाही मागोत, मी लगेच काढून देईन. म्हणून हल्ली मी ट्रंकेला कुलूप लावत नाही. पण अण्णा मागतच नाहीत.