चंद्राबाईचं दाखवायचं घर

श्रीवर्धनच्या अलीकडच्या वाडीत चंद्राबाईचं घर राहण्यापेक्षा दाखवण्याच्याच कामाला जास्त यायचं. मोठ्या वादळात छप्पर उडालं, मग एका संस्थेने घरं वारापावसाला टिकतील अशी करून द्यायची योजना आणली आणि पहिला नंबर तिचा लागला. वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडले, कौलांखाली पत्रे टाकून फटी बुजवल्या. तीन पावसाळ्यांत आत थेंब आला नाही. खोटं त्यात काही नव्हतं, आणि म्हणूनच तर महिन्या-दोन महिन्यांनी गाडी भरून पाहुणे यायचे. हातातलं काम टाकायचं, चहा ठेवायचा, दुखरे गुडघे घेऊन माळ्याची शिडी चढायची आणि पट्टीला हात लावून हसायचं. हसून हसून बाई मेटाकुटीला आली होती. पण शेजारच्या जैबुन्निसाचं नाव दुसऱ्या यादीत होतं, आणि पाहुणे खूश झाले तरच यादी पुढे सरकायची.

वैशाखात संस्थेची शिवानी कॅमेरा घेऊन आली. जैबुन्निसा आधीच दारात उभी.

"चंद्रे, आज नीट बोल. यंदाचा पाऊस माझं घर काढायचं न्हाय."

चंद्राबाईने मान हलवली, पण तिचं लक्ष वर होतं. महिनाभर ताटात लाकडाचा भुगा पडत होता. वाशांना भुंगा लागला होता. आधी चुलीचा धूर कौलांतून निघायचा, वासे काळे करायचा, कीड फिरकायची नाही. फटी बुजल्यावर धूर कोंडला, तेव्हा तिने चूल मागच्या पडवीत नेली. संस्थेच्या शहरातल्या इंजिनिअरला हे कळलं नाही, ठीक आहे. पण सारा जन्म चुलीपुढे काढून आपल्यालाही कळू नये, याची तिला लाज वाटत होती.

"बोला मावशी," शिवानी म्हणाली.

ती नेहमीचं सगळं बोलली. मग तिला राहवेना. "छप्पर भक्कम हाय, त्यात खोटं न्हाय. पण वासं आतनं पोकळ व्हायला लागलेत. जैबुनच्या घराला पट्ट्या मारा, पण धुराला वाट ठेवा. वासाच खाल्ला गेला तर पट्टी धरंल कशाला?"

शिवानी प्रामाणिक मुलगी, तिथेच घात झाला. तिने सगळं जसंच्या तसं कळवलं. वरून निरोप आला: धुराड्याचं ठरेपर्यंत दुसरी यादी थांबवा, पाऊस उलटल्यावर बघू.

जैबुन्निसाने बोलणं टाकलं. आषाढात तिच्या घराचं आढं खचलं, आणि त्या संध्याकाळी ती ओली गोधडी काखेत मारून चंद्राबाईच्या दारात आली.

"एक हंगाम गप बसली असतीस तर?"

चंद्राबाईने तिची गोधडी काढून घेतली, मधल्या खोलीत कोरडं अंथरूण घातलं. जैबुन्निसा आडवी झाली. बाहेर धो धो चालू होतं. तिने वर छपराकडे पाहिलं.

"गळत न्हाय गं खरंच," ती म्हणाली.

या घराचं कौतुक चंद्राबाईने शंभर तोंडांनी ऐकलं होतं. इतकं जिव्हारी कधी लागलं नव्हतं.