ब्रिगेडियरसाहेबांच्या तेवीस गोळ्या

डॉक्टरांचं अक्षर अल्लानं माणसाच्या सब्राची परीक्षा घ्यायला निर्माण केलं असावं, असं जमालुद्दीन मजगावकरांचं मत होतं, आणि त्या परीक्षेला ते चौतीस वर्षं बसत होते. बहरीनच्या मनामा शहरात, नईम भागातल्या एका गल्लीतल्या औषधांच्या दुकानात त्यांचं काउंटर. कुठल्याही देशाचा डॉक्टर असो, त्यानं कागदावर मेलेली गोम काढावी आणि जमालभाईंनी चष्मा कपाळावर सरकवून सांगावं, "सकाळ-संध्याकाळ एकेक, जेवणानंतर, पाच दिवस." एका डॉक्टरनं तर आपल्याच जुन्या चिठ्ठीचा फोटो त्यांना पाठवून विचारलं होतं, "जमालभाई, यात मी काय लिहिलंय?"

एवढं असून दुकानातल्या एकाही कागदावर सही करायचा अधिकार त्यांना नव्हता. सही लायसनवाल्या फार्मासिस्टची. जमालभाई वाचायचे, मोजायचे, लेबल चिकटवायचे. चौतीस वर्षांत पाच फार्मासिस्ट आले, गेले. पाचही जणांना अक्षर लागलं नाही की ते हळूच "जमालभाई" अशी हाक मारायचे, वाचून घ्यायचे आणि सही ठोकायचे.

या गुणावर नजर पडली विनीतची. विनीत चिपळूणचा. सूकजवळ, म्हणजे जुन्या बाजाराजवळ, त्याचं छापखान्याचं छोटं ऑफिस, लग्नपत्रिकांपासून कंपन्यांच्या अहवालांपर्यंत सगळं छापतो. ॲसिडिटीच्या गोळ्या न्यायला येतो, कारण छापखाना आणि ॲसिडिटी हा जुना संसार आहे. एक दिवस त्यानं काउंटरवर तीन जाड डायऱ्या ठेवल्या.

"चाचा, हे वाचता येईल?"

जमालभाईंनी एक पान उघडलं. चष्मा वर गेला. "डॉक्टर कोण?"

"डॉक्टर नाय हो. ब्रिगेडियर. इंग्रज. दुसऱ्या महायुद्धात इकडं आखातात होता."

"मग डॉक्टर व्हायला पायजे होता. अक्षराची तयारी चांगली होती."

गोष्ट अशी की, बुदैयाच्या बाजूला मिसेस फेनविक म्हणून एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या. तीस वर्षं बहरीनमध्ये इंग्रजी शिकवून त्या इथल्याच झाल्या होत्या. या डायऱ्या त्यांच्या आजोबांच्या. त्यांचं छोटं पुस्तक करायचं, चाळीस प्रती, घरच्या माणसांपुरतं. कॉम्प्युटरला वाचायला दिलं, तर त्यानं असं काही टाइप केलं की मिसेस फेनविकना वाटलं, आजोबा पीत असावेत. बाईंची अट एकच : जे लिहिलंय तेच टाइप करायचं. पदरचं घालायचं नाही, त्यातलं काढायचं नाही.

"मला अट सांगतोस?" जमालभाई म्हणाले. "पदरचं घातलं तर आमच्याकडं पेशंट मरतो."

दुपारी एक ते चार दुकान बंद. त्या तीन तासांत जमालभाईंच्या माहूजच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर दुसरं महायुद्ध सुरू झालं. एका बाजूला डायरी आणि लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बायकोची, जुबैदाबींची, भाजी निवडणं. दुकानाचा नियम होता की शब्द लागला नाही तर अंदाज करायचा नाही, डॉक्टरला फोन लावायचा. इथं डॉक्टरला फोन लावायची सोय नव्हती. मग जमालभाई तेच अक्षर साहेबानं दुसरीकडं कुठं काढलंय ते शोधत, जुळवत, आणि मगच टाइप करत. दिवसाला चार पानं.

"लढाई कुटवर आली?" जुबैदाबी विचारत.

"लढाईला आज दीड ओळ हाय. पोटाला सगळं पान."

खरंच तसं होतं. इतिहासवाला त्या डायऱ्यांतून फौजा कुठून कुठं गेल्या ते शोधत बसला असता. जमालभाईंना फौजा दिसत नव्हत्या, पेशंट दिसत होता. वय बावन्न, पोट बिघडलेलं, झोप उडालेली, उकाड्यानं हैराण, आणि बायकोचं पत्र सात आठवडे आलेलं नाही. चार एप्रिल बेचाळीसला लष्करी डॉक्टरनं साहेबाला झोपेच्या शंभर गोळ्यांची बाटली दिली, रोज रात्री एक. तेव्हापासून प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक फुली.

त्या फुल्यांवर विनीतचा सिद्धान्त तयार होता. "चाचा, ही शत्रूची विमानं. गुप्त नोंद."

"रोज रात्री एक? आणि बरोबर त्याच कोपऱ्यात? इतकी टायमावर तर आपली बसपण येत नाय." जमालभाईंनी मान हलवली. "आमचे म्हातारे पेशंट कॅलेंडरवर हेच करतात. गोळी घेतली, फुली मारली."

या पेशंटच्या डायरीत आणखी एक माणूस ये-जा करत होता. साहेबाचा बेअरर, म्हणजे चहापासून बुटांपर्यंत सगळं बघणारा खासगी नोकर. नाव खिजर, 'रत्नागिरी किनाऱ्याचा'. हे वाचलं तेव्हा जमालभाईंनी 'आपल्याकडचा हाय!' म्हणत टेबलावर हात आपटून जुबैदाबींना बोलावलं होतं. मग रोज लढाईऐवजी खिजरची चौकशी. खिजरनं साहेबासाठी मासळी बाजारातून ताजा मासा आणला. साहेबाला ताप आला तेव्हा खिजरनं दोन दिवस उशाशी बसून काढले. 'प्रामाणिक माणूस' असं साहेबानं मे महिन्यात स्वतः लिहिलं होतं.

आणि मग बारा जून. जमालभाईंनी ते पान दोनदा वाचलं, मग लॅपटॉप मिटून ठेवला.

"काय झालं?" जुबैदाबींनी विचारलं.

"खिजरला काढला. साहेब लिहितो, सकाळी बाटली ओतून मोजली. एकतीस उरायला पायजे होत्या, आठच गोळ्या निघाल्या. तेवीस कमी. चोर म्हणतो त्याला. पुढच्या बोटीनं परत पाठवला, आणि चिठ्ठी दिली नाय."

चिठ्ठी म्हणजे नोकराच्या चालचलणुकीचा दाखला. त्या काळी साहेबाकडून सुटलेल्या नोकराजवळ ती नसली, तर दुसऱ्या कुठल्या साहेबाचा दरवाजा उघडत नसे. खिजर रत्नागिरीला उतरला असेल तो नुसता बेकार म्हणून नव्हे, चोर म्हणून.

"तुमचा कोन तो?" जुबैदाबी म्हणाल्या. "ऐंशी वर्सं झाली. आता तो नाय, साहेब नाय."

"कोन नाय माजा. पन उद्या चाळीस पुस्तकांत छापून येनार, खिजर चोर. आणि ते टाइप करनारा कोन? मी."

पुढच्या दुपारी त्यांनी दुकानातून गोळ्या मोजायचा ट्रे आणि चपटी पट्टी आणली. जुबैदाबींच्या डब्यातून शंभर वाल मागून घेतले. ट्रेवर शंभर वाल ओतले आणि पट्टीनं पाच-पाच करत, चौतीस वर्षांच्या सवयीनं, सरकवायला लागले. चार एप्रिल ते अकरा जून, एकोणसत्तर रात्री. एकोणसत्तर फुल्या, एकोणसत्तर वाल बाजूला. आठ साहेबाच्या बाटलीत. उरले तेवीस. साहेबाचं गणित चुकलं नव्हतं.

ट्रेवरच्या तेवीस वालांकडं बघत असताना त्यांना आपलंच टायपिंग आठवलं. फेब्रुवारीच्या पानांवरही फुल्या होत्या. अटीप्रमाणे त्यांनी त्या निमूट टाइप केल्या होत्या, आणि पुढं गेले होते. पण गोळ्या एप्रिलमध्ये आल्या. मग फेब्रुवारीत कसल्या फुल्या?

त्यांनी मूळ डायरी काढली. टेबलावर ठेवली की ती आपोआप फेब्रुवारीत उघडायची, शिवण तिथंच सैल झाली होती. आणि तिथं त्या फुल्या, वेड्यावाकड्या, कुठं ओळीवर, कुठं समासात, एक तर पानाबाहेर घसरलेली. साहेबाचा हात तोच, पण झोपलेला हात. सकाळी दहाचा डॉक्टर आणि रात्रपाळी संपवणारा डॉक्टर एकच नाव दोन तऱ्हेनं लिहितात, हे जमालभाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्या जुन्या गोळ्यांची खोडही त्यांना ठाऊक होती. माणूस गोळी घेतो, गुंगी येते, गुंगीत विसरतो की घेतली, आणि दुसरी घेतो. साहेबानं दुसरी गोळी घेतली आणि डायरी जिथं आपोआप उघडली तिथं, म्हणजे फेब्रुवारीत, इमानदारीनं फुलीही मारली. सकाळी मात्र त्यानं मागची पानं कधी उलटली नाहीत.

जमालभाईंनी फुलीमागे एक वाल उचलला. दहा. पंधरा. वीस. एकवीस. बावीस.

ट्रेवर एक वाल उरला.

त्यांनी पुन्हा मोजले. मग जुबैदाबींनी मोजले, कारण पुरुषांच्या मोजण्यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. बावीसच. तीन दुपारी त्या एका फुलीसाठी सगळी डायरी पालथी घातली. पुठ्ठ्याच्या आत पाहिलं, टिपकागदावर पाहिलं. मफी, काहीच नाही.

"तेवीस लिवा," जुबैदाबी म्हणाल्या. "बावीस गावल्या, त्या एकीनं काय घोडं मारलंय? त्या बाईला कुटं मोजायचंय?"

विनीत तर पुढं गेला. "चाचा, पेन देऊ? फेब्रुवारीत जागा भरपूर आहे."

जमालभाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो ॲसिडिटीची गोळी न घेताच गेला.

पुढचे दोन दिवस जमालभाई काउंटरवर गोळ्या मोजतानाही मनात त्याच गोळ्या मोजत होते. बावीस सांगावं तर बाई म्हणणार, एक तरी घेतलीच ना. चोर तो चोर, एकीचा काय नि तेविसांचा काय. तेवीस सांगावं तर खिजर सुटतो, पण खोट्या दाखल्यावर सुटतो. आपण आज खिजरसाठी एक गोळी वाढवली, तर त्या साहेबात आणि आपल्यात फरक तो काय. त्यानंही न बघता लिहिलं होतं.

गुरुवारी दुपारी विनीतच्या गाडीतून ते बुदैयाला गेले. मांडीवर डायरी, पिशवीत ट्रे आणि वाल. मिसेस फेनविक उंच, सडसडीत, पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांनी चहा दिला आणि ट्रे बघून विचारलं, "मिस्टर जमाल, आपण काही खेळणार आहोत का?"

जमालभाईंनी एका प्रिस्क्रिप्शनसारखी सगळी हकिगत सांगितली. तारीख, डोस, किती रात्री. मग डायरी टेबलावर सोडली. ती फेब्रुवारीत उघडली. बाई स्वतः एकेक फुली शोधत गेल्या, जमालभाई एकेक वाल सरकवत गेले. शेवटचा वाल ट्रेवर राहिला तशी बाईंनी पान उलटलं, परत उलटलं.

"हा एक?"

"तो मला सापडला नाही, मॅडम."

"म्हणजे त्यानं एक घेतलीही असेल."

"असेल. घरंगळून पलंगाखाली गेली असेल. डॉक्टरनंच नव्व्याण्णव भरल्या असतील. मी चौतीस वर्षं मोजतोय, एकेक कमी निघालेली पुष्कळ पाहिलीय. काय झालं मला माहीत नाही, म्हणून मी लिहिणार नाही. पण बावीस तुमच्या आजोबांनी घेतल्या, हे त्यांनी स्वतः लिहिलंय. मी फक्त वाचलं."

बाईंनी फेब्रुवारीचं पान बोटानं सपाट केलं. विनीतनं चहात तिसऱ्यांदा साखर ढवळली, ती पहिल्या ढवळण्यातच विरघळली होती.

"मी लहान असताना," बाई म्हणाल्या, "आजोबा जेवण झाल्यावर विचारायचे, जेवण कधी आहे? आम्ही हसायचो. आजी हसायची नाही." मग त्या जमालभाईंकडं वळल्या. "तुम्ही तेवीस म्हणाला असतात तर मी ही डायरी दुसऱ्या कुणाला तरी दाखवायला नेली असती. टीप लिहा. पुस्तकाच्या शेवटी घालू."

इथं जमालभाईंनी उठून आभार मानायला हवे होते. विनीत उठलाच होता. पण जमालभाई बसून राहिले.

"मॅडम, शेवटचं पान कोण वाचतो? औषधाच्या डब्यातला बारीक अक्षरातला कागद चौतीस वर्षांत एकाही पेशंटनं वाचलेला मी पाहिला नाही. जे महत्त्वाचं ते आम्ही बाटलीवर चिकटवतो. चोर जिथं लिहिलंय, त्याच पानावर, त्याच्याच खाली."

"त्या पानावर माझ्या आजोबांची नातवंडं, पतवंडं येणार आहेत, मिस्टर जमाल."

"खिजरचीपण असतील, मॅडम. ती हे पुस्तक वाचणार नाहीत. म्हणून तर."

बाईंनी विचार करते असं सांगितलं. परतीच्या वाटेवर विनीत म्हणाला, "चाचा, चांगलं जमलं होतं. पान कशाला मागितलंत? काम जाईल माझं." जमालभाईंनी पिशवीत वाल सांडले नाहीत ना, ते पाहिलं.

रविवारी विनीतचा फोन आला. "त्याच पानावर. अक्षरही त्याच मापाचं. पण बाई म्हणतात, टिपेखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि सही पाहिजे. त्यांचं नाव त्या घालणार नाहीत."

"माझी सही चालत नाय रे."

"दुकानात. हे दुकान नाय."

जमालभाईंनी टीप चार ओळींची केली. बावीस लिहिल्या, एक सापडली नाही तेही लिहिलं. 'या नोंदींवरून खिजरला चोर म्हणण्यास आधार नाही,' हे वाक्य त्यांनी इंग्रजीत सात वेळा लिहून पाहिलं. मग सहीसाठी कोरा कागद घेतला. अक्षर इतकं सुवाच्य काढलं की जुबैदाबींनी दुरून वाचलं.

"ही काय सही? ही तर पाटी झाली."

"वाचता आली पायजे."

जुबैदाबींनी कागद हातात घेऊन टीप त्यांच्याकडून मराठीत ऐकली. बावीस ऐकून त्यांनी नाक मुरडलं, पण 'आधार नाही' दोनदा वाचायला लावलं.

"पन ती एक," त्या म्हणाल्या, "तीपन त्यानं घेतली नसनार."

"ते मला लिवता येत नाय."

"तुमाला नाय येत. मी कुटं लिवत्येय? मी बोलत्येय."

त्यांनी ट्रेवरचे शंभर वाल डब्यात परत ओतले, आणि जमालभाईंनी घड्याळात पावणेचार झालेले पाहून दुकानात जायला चपला घातल्या.