मामांची मौनी

माझ्या बायकोच्या मामांइतकं आवाजाशी हाडवैर असलेला माणूस अख्ख्या मावळात झाला नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. गंमत म्हणजे मामांना स्वतःला धड ऐकू येत नाही. तळेगावच्या एका कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशेजारी त्यांची लेथ होती. तिथं उभं आयुष्य काढून ते घरी बसले तेव्हा डावा कान पार गेला होता आणि उजवा अर्धामुर्धा उरला होता. "एक कान कंपनीला दिला, एक बायकोसाठी ठिवलाय," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि मामी आतून म्हणत, "व्हय, पन त्यो बी बंदच असतो." अशा माणसाला गोंगाटाचं काय एवढं? पण मामांचं म्हणणं असं, "मला न्हाई येत ऐकू, दुसऱ्याला येतंय की! त्येंचं कान कशाला घालवायचं?" म्हणून त्यांच्या वराळ्याच्या घरात दारं आपटत नसत, कारण चौकटींना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकलेल्या. भांडी वाजत नसत, कारण फळ्यांवर गोणपाट. कुकरच्या शिट्टीवर तर त्यांनी असलं काही टोपण बसवलं होतं की शिट्टी झाली की नाही हे बघायला मामींना चुलीपुढे टक लावून बसावं लागे. एकदा डाळीचा कोळसा झाला तेव्हा मामींनी ते टोपण उकिरड्यावर भिरकावलं. मामांनी ते हुडकून काढलं, धुतलं आणि परत बसवलं. पुढे ते देवळातल्या घंटेच्या लोलकाला चामडं बांधायला निघाले, तेव्हा मात्र गावानं त्यांना पारावर अडवलं. "देव काय माझ्यावानी बहिरा हाय व्हय? त्येला हळू वाजवलं तरी कळतंय," हा त्यांचा मुद्दा कुणी खोडू शकलं नाही, पण चामडं काढून घेतलं.

दुसरं वेड मापाचं. खिशात पेन नसे, पण जाडी मापायचा व्हर्नियर असायचाच, आणि तो कुठंही बाहेर निघायचा. भाकरीच्या कडा एकसारख्या आहेत का बघायचं, नव्या चपलेचे दोन्ही तळवे सारखे आहेत का बघायचं. "भाकरी खायची हाय का मशिनीत बशिवायची?" असं मामी कावून विचारत. माझ्या लग्नात अंगठी बोटात जाईना, भटजी खोळंबले, मी घामाघूम. मामा पुढे आले, माझं बोट मापलं, अंगठी मापली आणि भर मांडवात जाहीर केलं, "बोट बराबर हाय. सोनार चुकलाय." माझं बोट बरोबर असल्याचा मला त्या दिवशी इतका आनंद झाला की काय सांगू! "माझं माप चुकत न्हाई," हे वाक्य ते दिवसातून चारदा म्हणत, पण त्यात फुशारकी नसे. आज मंगळवार आहे, असं सांगावं तसं सांगत. आणि खरंच चुकत नसे. निवृत्तीनंतरही कारखान्यातली तरणी पोरं अडलेलं काम रुमालात बांधून त्यांच्याकडे आणत. मामा त्यावरून नुसतं नख फिरवत आणि कुठं किती राहिलंय ते सांगत. पोरं पाया पडून जात. ती गेल्यावर मामा बराच वेळ अंगणात उगाच फेऱ्या मारत.

तर या मामांनी निवृत्तीनंतर काय करावं? लोहगडवाडीला, मामींच्या माहेरी, मेव्हण्याच्या अंगणात फुगे फोडायचा स्टॉल टाकला. गडावर जाणारी माणसं शनिवार-रविवारी तिथूनच जातात. मामांच्या आजोबांना डुकराच्या शिकारीचा नाद होता म्हणे, त्यामुळे बंदूक रक्तात होती. पण मामांनी जन्मात ढेकूणसुद्धा चिरडलेला नाही. "फुगाच मारावा. फुग्याच्या मागं कुनी रडत न्हाई," असं ते म्हणत. दोन छर्‍याच्या बंदुका होत्या, एक बारीक छर्‍याची, एक जाड छर्‍याची. पहिल्याच रविवारी त्यांच्या ठाक-ठाक आवाजानं मेव्हण्याच्या कोंबड्या सैरावैरा झाल्या, आणि मामांच्या जिवाला घोर लागला. पंधरा दिवस एका शिष्याच्या लेथवर राबून त्यांनी बंदुकीच्या तोंडाला लावायची एक नळी घडवली. ती लावली की ठाकचा नुसता फुस्स व्हायचा. तिचं नाव त्यांनी ठेवलं मौनी.

मौनी एकच, बंदुका दोन. आता छर्‍यांची जाडी वेगळी, मग एका नळीत दोन्ही कसे चालायचे? दुसरा कुणी असता तर दोन नळ्या करून मोकळा झाला असता. पण मग मामा कसले! त्यांनी मौनीच्या आत बसणारी एक पितळी बांगडी केली. तिला ते बुश म्हणत. बारीक छर्‍याला बुश आत घालायचा, जाड छर्‍याला काढायचा. झालं. गिर्‍हाईक बंदूक बदलायला लागलं की मामा हात वर करत, "थांबा. मौनी बदलू द्या." मग मौनी काढणं, बुश काढणं, फुंकर मारणं, उजेडात धरून आरपार बघणं, आणि परत बसवणं. लोक तोवर चहा पिऊन येत. एकदा कॉलेजच्या एका पोरीनं विचारलं, "काका, पण फुगा तर बंदुकीपेक्षा मोठ्यानं फुटतो!" मामा म्हणाले, "त्यो मरतोय बाई, त्यो वरडनारच. मारनार्‍यानं कशाला वरडायचं?"  

आता माझं सांगतो. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. एका रविवारी मी ऑफिसच्या मंडळींना घेऊन लोहगडला गेलो होतो, साहेबही होते. मामांचा स्टॉल दिसला आणि मी, लाज नाही वाटली मला, "हे आमच्या ओळखीचे" एवढंच म्हणालो. मामांनी मात्र धोतरानं बाक पुसला आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमचं जावई!" आवाज न करणारा माणूस ओरडला तो एवढाच. मग जावयाला चहा स्वतःच्या हातानं आणायला ते आत गेले. मला चेव आला. मी बारीक बंदुकीनं दोन फुगे फोडले. साहेब म्हणाले, मला ती मोठी द्या. मी ऐटीत, फटक्यात मौनी काढली आणि जाड बंदुकीला लावली. बुश आतच राहिला. पहिला छर्रा कुठं गेला कळलं नाही, दुसराही नाही. तिसऱ्याला फाटकन आवाज झाला, मौनीचं तोंड उकललं आणि एक कपची साहेबांच्या कानाजवळून जाऊन दाराच्या फळीत रुतली. "घरगुती वस्तू, असं व्हायचंच," साहेब म्हणाले. मी मान डोलावली. मला सगळं कळलं होतं. मी नळी आपटली, बुश तळहातावर पडला, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून मी तो खालच्या घाणेरीच्या जाळीत भिरकावला.

मामा चहाचा ट्रे घेऊन आले. आधी विचारलं, "जावईबापू, तुमाला लागलं न्हाई ना?" मग मौनीकडे बघून म्हणाले, "बुश काढला व्हता न्हवं?" मी म्हणालो, "हो मामा. इथं फळीवर ठेवला होता." त्यांनी फळीखाली, बाकाखाली बराच शोधला. "कोंबडीनं नेला असंल," म्हणाले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पाव्हन्यास्नी नीट इचारा तरी." मामा त्याच्यावर असे उखडले की बस. "जावई काढला म्हन्त्यात नव्हं? मग काढला!" मग ते खाली बसले, व्हर्नियर काढून फुटकी मौनी आतून-बाहेरून मापू लागले. पुन्हा पुन्हा मापली. शेवटी साहेबांकडे न बघता म्हणाले, "म्हंजी माझंच माप चुकलं. सायबांचा कान गेला असता."

त्या वेळी तोंड उघडायला काय झालं होतं मला? जावयाला कुणी दोन शब्द सुनावले नसते. उलट पाटावर बसवून हसण्यावारी नेलं असतं. पण साहेब उभे होते, आणि मी चहा प्यायलो.

मामांनी स्टॉल बंद केला. मला वाटलं, आठ दिवसांत दुसरी मौनी करतील, स्वभावच तसा. पण महिन्याभरानं मामींचा बायकोला फोन आला, "तुजा मामा भाकरी मापत न्हाई गं आता." कारखान्यातली पोरं रुमालात काम घेऊन आली की म्हणायचे, "दुसऱ्याला दावा. माझ्या हाताचा भरवसा न्हाई र्‍हायला." पोरं येईनाशी झाली. मी दर सणाला ठरवायचो, आज सांगायचं, आणि दर सणाला श्रीखंड खाऊन परत यायचो. मी एक नंबरचा भित्रा माणूस आहे, दुसरं काय!

मग अधिक महिना आला. मामा-मामींनी आम्हाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. मला पाटावर बसवलं, कपाळाला गंध लावलं, ताटात तुपात बुडालेले पुरणाचे धोंडे, शेजारची चार माणसं पंगतीला.  मी हात आवरला आणि सगळं सांगून टाकलं, बुश, घाणेरी, साहेब, सगळं. मामांनी उजवा कान माझ्याकडे करून शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, आता ताट उधळतील, आणि उधळावंच असं वाटत होतं. पण त्यांचे डोळे भरून आले. पंगतीकडे वळून ते म्हणाले, "बगा, जावई कसा मिळालाय! माझी चूक सोताच्या डोक्यावर घ्याया आलाय."

"मामा, आईशप्पथ, मीच केलं ते!"

"र्‍हाऊ द्या, र्‍हाऊ द्या. म्हातार्‍याला बरं वाटावं म्हून बोलताय, कळतंय मला. तुमी तवा कशाला खोटं बोलाल? तवाच बोलला असता की."

मामी वाढायला वाकल्या होत्या. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक धोंडा ठेवला, माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "तवा का न्हाई बोललात?" मी तो धोंडा खाल्ला.

आता मामा ही गोष्ट लग्नात, बारशात, सगळ्यांना सांगतात. सांगताना त्यांचा चेहरा असा खुलतो की फार दिवसांनी त्यांना कशाचा तरी अभिमान वाटतोय हे लांबूनही कळतं. कुणी म्हणतं, असला जावई मिळायला भाग्य लागतं. मग माणसं सरकतात, पुढच्या रांगेत माझ्यासाठी जागा करतात. आणि मी जाऊन बसतो.